गोमांसाची ॲलर्जी आणि गोचिडाचा दंश

एखाद्या पदार्थाने अंगावर पित्त उठले, तर त्या पित्ताचा शोध शेवटच्या घासापाशी घेण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे. कोळंबी खाल्ली आणि अर्ध्या तासात ओठ सुजले, शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि घसा खाजू लागला, अशा प्रसंगी कारण आणि कार्य यांच्यातील अंतर इतके थोडे असते की घरातील लहान मूलदेखील दोष कोणाचा हे सांगू शकते. परंतु ज्याने रात्री आठ वाजता गोमांसाचे जेवण केले, दहा वाजता जो स्वस्थपणे अंथरुणावर पडला, आणि एकाच्या सुमारास तळहातांच्या व तळपायांच्या असह्य खाजेने जो जागा झाला, ज्याच्या पोटावर, पाठीवर आणि मांड्यांवर पाहता पाहता लाल गांध्या उठल्या, पोटात कळा येऊन जुलाब सुरू झाले आणि मोरीकडे जाताना ज्याला भोवळ आली, तो मनुष्य त्या अवेळी कशाला दोष देणार? तो अंथरुणातील ढेकणांवर संशय घेतो, नव्या साबणावर घेतो, उष्म्यावर घेतो; घरातील वडील माणसे आमसुलाचे पाणी चोळतात; सकाळपर्यंत गांध्या मावळतात आणि गोष्ट विस्मरणात जाते. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. गोमांसाची ॲलर्जी समजावून घ्यावयाची तर आरंभ या काही तासांच्या अंतरापासूनच केला पाहिजे. कारण हे अंतर या विकाराची मुख्य खूण आहे, आणि वैद्यकाला ती खूण ओळखू येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

ॲलर्जीची सामान्य प्रक्रिया आता सुपरिचित आहे. शरीरात शिरणाऱ्या रोगजंतूंचा बंदोबस्त करण्यासाठी रक्तात निरनिराळ्या वर्गांची प्रतिपिंडे तयार होत असतात. त्यांपैकी ‘आयजीई’ या वर्गाची प्रतिपिंडे, जी १९६६–६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे उजेडात आणली, ती अत्यल्प प्रमाणात असूनही त्वचा, आतडी आणि श्वासमार्ग यांतील मास्ट पेशींवर बसून असतात. ज्या निरुपद्रवी द्रव्याविरुद्ध अशी प्रतिपिंडे चुकून तयार झाली असतील, ते द्रव्य पुन्हा शरीरात आले की या पेशी हिस्टामिन आणि तत्सम द्रव्ये एकदम सोडतात. त्वचेत ती सुटली तर गांध्या उठतात, श्वासनलिकेत सुटली तर धाप लागते, आतड्यांत सुटली तर कळा आणि वांती होते. आणि सर्व देहभर एकदम सुटली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. या अखेरच्या अवस्थेस ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, आणि ॲलर्जीविषयी जी काही खबरदारी घ्यावयाची, तिचे अंतिम प्रयोजन ही अवस्था टाळणे हेच असते.

गोमांसाची ॲलर्जी एक नसून दोन आहेत, आणि त्यांची गल्लत केली तर उपचारही चुकतो. पहिली मुख्यतः बालकांची. गाईच्या रक्तद्रवात अल्ब्युमिन नावाचे जे प्रथिन असते ते मांसातही असते आणि थोड्या प्रमाणात दुधातही उतरते. त्यामुळे ज्या मुलांना गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे, त्यांच्यापैकी १३ ते २० टक्के मुलांना गोमांसही सोसत नाही. आणि उलट बाजूने पाहिले तर गोमांस न सोसणाऱ्या मुलांपैकी फार मोठ्या संख्येला दूधही बाधते. या प्रकारात लक्षणे खाल्ल्यावर मिनिटांत किंवा फार तर दोन तासांत दिसतात. हे अल्ब्युमिन उष्णतेने बऱ्याच अंशी विघटित होत असल्यामुळे, काही मुलांना अर्धेकच्चे मांस बाधते, पण दीर्घकाळ शिजवलेले तेच मांस बाधत नाही. म्हैस, मेंढी आणि शेळी यांच्या अल्ब्युमिनची ठेवण गाईच्या अल्ब्युमिनशी मिळतीजुळती असल्यामुळे अशा मुलांना दुसऱ्या प्राण्याचे मांस देण्यापूर्वीही वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो. मुले मोठी होत जातात तशी त्यांच्यापैकी पुष्कळांची ही ॲलर्जी आपोआप निवळते.

दुसरी ॲलर्जी प्रौढांची, उशिरा प्रकट होणारी आणि अधिक विलक्षण आहे. तिचा शोध मांसाच्या संशोधनातून न लागता कर्करोगाच्या एका औषधातून लागला. सेटक्सिमॅब हे प्रतिपिंड-स्वरूपाचे औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी संमत झाले. औषधाची पहिलीच मात्रा शिरेतून देत असता काही रुग्णांना तीव्र ॲनाफिलॅक्सिस होऊ लागला. आणि नवल असे की अन्यत्र ज्याचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होते, त्याच प्रतिक्रियेचे प्रमाण टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत २२ टक्क्यांवर गेले. एकच औषध, एकच कारखाना आणि एकच मात्रा असता केवळ प्रांत बदलल्याने प्रतिक्रिया बदलावी, याचा अर्थ दोष औषधाइतकाच त्या प्रांतातील माणसांच्या रक्तातही शोधला पाहिजे, असा होता. व्हर्जिनिया विद्यापीठातील टॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तेथे शोधला. औषध घेतलेल्या ७६ रुग्णांच्या रक्ताच्या नमुन्यांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी २५ जणांना प्रतिक्रिया झाली होती, आणि त्या २५ पैकी १७ जणांच्या रक्तात औषध टोचण्यापूर्वीच त्याच्याविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे हजर होती. ही प्रतिपिंडे औषधातील प्रथिनाविरुद्ध नसून, उंदराच्या पेशींत औषध तयार होत असताना त्याला जोडल्या गेलेल्या एका शर्करेविरुद्ध होती. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. त्या शर्करेचे संक्षिप्त नाव अल्फा-गॅल.

हीच शर्करा गाय, डुक्कर, मेंढी या प्राण्यांच्या मांसात भरपूर असते, हे ठाऊक असल्यामुळे पुढचा प्रश्न ओघानेच आला. ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत त्यांना मांस कसे सोसते? विचारपूस करता कळले की अनेकांना ते सोसत नव्हते. मात्र त्रास जेवणानंतर तीन ते सहा तासांनी होत असल्यामुळे स्वतः रुग्णांचाच त्या संबंधावर विश्वास बसत नव्हता. अशा २४ रुग्णांचा वृत्तांत स्कॉट कॉमिन्स, प्लॅट्स-मिल्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. राहता राहिला तो प्रांताचा प्रश्न. औषधाच्या प्रतिक्रियांचा मुलूख नकाशावर मांडून पाहता तो ‘रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर’ या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या तापाच्या मुलखाशी जुळला, आणि संशय गोचिडावर गेला. प्लॅट्स-मिल्स यांना याचा दाखला स्वतःच्याच देहात मिळाला. ब्लू रिज पर्वतात फिरताना त्यांना गोचिडांची असंख्य पिल्ले डसली. त्यांनी आपले रक्त वेळोवेळी तपासले, तो अल्फा-गॅलविरुद्धची प्रतिपिंडे वाढत गेलेली दिसली. आणि पुढे लंडनमध्ये मेंढीचे मांस खाल्ल्यानंतर सुमारे सहा तासांनी त्यांच्या सर्वांगावर गांध्या उठल्या. त्याच काळात सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावरील लोकांना तपासणाऱ्या डॉक्टर शेरिल व्हॅन न्यूनेन यांनीही स्वतंत्रपणे हाच संबंध हेरला होता. मांसाची ॲलर्जी असलेल्या त्यांच्या २५ रुग्णांपैकी २४ जणांना पूर्वी गोचीड चावून मोठी सूज आली होती. दोन खंडांतील गोचीड निराळ्या जातींचे, पण परिणाम एकच. पुढे युरोप, जपान आणि ब्राझील येथूनही असेच वृत्तांत आले.

अल्फा-गॅल आपल्या शरीराला परके का वाटते, याचे उत्तर प्राणिसृष्टीच्या इतिहासात आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, ससा, हरीण इत्यादी सस्तन प्राण्यांच्या पेशींवर ही शर्करा असते. परंतु माणूस, वानर आणि आशिया-आफ्रिकेतील माकडे यांच्या पूर्वजांत ती तयार करणारे जनुक सुमारे दोन ते तीन कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले. तेव्हापासून ती आपल्याला परकी आहे, आणि आतड्यांतील जंतूंवरही तिचे प्रकार असल्यामुळे प्रत्येक मनुष्याच्या रक्तात तिच्याविरुद्धची साधी, ॲलर्जी न करणारी प्रतिपिंडे जन्मभर भरपूर असतात. डुकराचे अवयव माणसात बसवले की ते काही मिनिटांतच काळेनिळे पडून निकामी होत, त्याचे प्रमुख कारण हीच प्रतिपिंडे होत. रचनेच्या दृष्टीने अल्फा-गॅल ही बी रक्तगटाच्या शर्करेची सख्खी बहीण म्हणावी इतकी तिच्याजवळची आहे. म्हणूनच बी किंवा एबी रक्तगटाच्या लोकांत या ॲलर्जीचे प्रमाण कमी आढळते.

गोचीड डसतो तेव्हा तो रक्त शोषून निघून जात नाही; तो कित्येक दिवस त्वचेत मुखभाग रोवून राहतो आणि या मुदतीत आपली लाळ जखमेत सोडीत असतो. काही जातींच्या लाळेत अल्फा-गॅल असते. एरवी साध्या प्रतिपिंडांनी निभावून नेली जाणारी ही शर्करा त्वचेच्या मार्गाने आणि लाळेतील इतर द्रव्यांच्या सोबतीने आत आली, म्हणजे काही व्यक्तींची प्रतिकारयंत्रणा तिच्याविरुद्ध आयजीई वर्गाची प्रतिपिंडे बनवू लागते. दंशानंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत ही तयारी चालते, आणि मग ज्या माणसाने जन्मभर मांस निर्धास्तपणे खाल्ले, त्याला एके रात्री तेच मांस बाधते. या उशिराचेही कारण आता बऱ्याच अंशी कळले आहे. प्रथिने जठर-आतड्यांतून त्वरेने पचून रक्तात येतात, परंतु मांसातील चरबीला जोडलेली अल्फा-गॅल मेदकणांत बांधली जाऊन लसिकावाहिन्यांच्या आडवाटेने रक्तात पोचते, आणि या प्रवासास तीन ते सहा तास लागतात. म्हणूनच चरबीयुक्त मांस कोरड्या मांसापेक्षा अधिक बाधते. डुकराच्या गुर्द्यात ही शर्करा फार मोठ्या प्रमाणात असल्यामुळे तो खाल्ल्यावर लक्षणे लवकर आणि जोराने येतात.

या विकाराचे आणखी एक लक्षण निदानाला चकवा देते, ते म्हणजे त्याची अनियमितता. एकाच माणसाला एका आठवड्यात गोमांस खाऊन काही होत नाही आणि दुसऱ्या आठवड्यात तितक्याच मांसाने रुग्णालय गाठावे लागते. मांसाचे प्रमाण, त्यातील चरबी, सोबत घेतलेले मद्य, जेवणानंतरचा व्यायाम, वेदनाशामक गोळ्या, नुकताच झालेला दुसरा दंश, या सर्वांनी पारडे कधी इकडे तर कधी तिकडे झुकते. काहींना गांध्या मुळीच उठत नाहीत; केवळ मध्यरात्री पोटात मुरडा येतो आणि वांत्या-जुलाब होतात, आणि ‘आतड्याचा चळ’ अथवा ‘अपचन’ असा शेरा त्यांच्या कागदावर वर्षानुवर्षे राहतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ साली जाहीर केले की २०१० ते २०२२ या काळात त्या देशात १,१०,००० हून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि प्रत्यक्षात बाधितांची संख्या ४,५०,००० पर्यंत असू शकेल. त्याच वेळी पाहणी केलेल्या सुमारे १,५०० वैद्यकीय व्यावसायिकांपैकी ४२ टक्क्यांनी या विकाराचे नावही ऐकलेले नव्हते. या अज्ञानाची किंमत किती असू शकते हे २०२५ च्या अखेरीस दिसून आले. आधीच्या वर्षी न्यू जर्सी राज्यातील एका माणसाला हॅम्बर्गर खाल्ल्यानंतर काही तासांनी आलेला मृत्यू या ॲलर्जीमुळे होता, असे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जतन केलेल्या रक्ताची तपासणी करून सिद्ध केले.

यास्तव निदानाचा पहिला आणि सर्वांत मोलाचा आधार म्हणजे रुग्णाची स्वतःची कैफियत. ज्याला असा संशय आहे त्याने एक वही करावी, आणि तीत प्रत्येक प्रसंगाचा तपशील लिहावा: जेवणात काय होते, ते किती वाजता घेतले, त्रास किती वाजता सुरू झाला, अंगाच्या कोणत्या भागापासून सुरू झाला, मद्य वा गोळी घेतली होती काय, गेल्या काही महिन्यांत रानात, शेतात, बागेत वा गुरांच्या गोठ्यात वावर झाला होता काय, आणि गोचीड डसल्याची जागा आठवड्यांमागून आठवडे खाजत राहिली होती काय. ही वही घेऊन ॲलर्जीतज्ज्ञाकडे जावे. अल्फा-गॅलविरुद्धच्या आयजीईची रक्ततपासणी उपलब्ध आहे आणि ती बरीच भरवशाची आहे. उलटपक्षी तयार मांस-अर्काचा थेंब त्वचेवर टोचून पाहण्याची रूढ पद्धत येथे पुष्कळदा दुबळी ठरते. तथापि रक्तातील प्रतिपिंडे हा पुरावा आहे, निकाल नव्हे. गोचिडांच्या प्रदेशात राहणाऱ्या पुष्कळांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात आणि तरीही त्यांना मांस सुखाने पचते. जर्मनीतील वनकर्मचारी आणि शिकारी यांच्या तपासणीत सुमारे एकतृतीयांश लोक असे प्रतिपिंडधारी निघाले, पण त्यांच्यातील थोड्यांनाच त्रास होता. म्हणून केवळ तपासणीच्या आकड्यावरून कोणाचे ताट रिकामे करू नये. आणि संशय फिटत नसेल तर मांस खाऊन पाहण्याची परीक्षा रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, पुरेसे तास थांबून करावी. घरी असा प्रयोग करणे धोक्याचे आहे.

निदान पक्के झाले की पथ्याची हद्द नीट आखावी लागते. अल्फा-गॅलच्या ॲलर्जीत गोमांस वर्ज्य करून बोकडाच्या मटणाकडे वळणे निरर्थक आहे, कारण शर्करा दोन्हींत तीच आहे आणि ती उष्णतेने नष्ट होत नाही. कितीही शिट्ट्या दिल्या तरी ती शिल्लक राहते. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाच्या कत्तलीवर बंदी असल्यामुळे बाजारात बीफ म्हणून जे मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस; तेही वर्ज्य. मटणाचा खिमा, पाया, वजडी, कलेजी आणि गुर्दा वर्ज्य. गोव्याचे चोरिस आणि सोरपोतेल ही डुकराची असल्यामुळे तीही वर्ज्य. याउलट कोंबडी, बदक, अंडी आणि सर्व प्रकारची मासळी यांत अल्फा-गॅल नाही. ज्या घरात रविवारचे मटण हा कुलाचार झाला आहे, तेथे त्याच मसाल्यात गावठी कोंबडीचा रस्सा करता येतो, आणि कोकणातल्या वा मालवणी माणसाच्या ताटाला तर बांगडा-सुरमईने काहीच उणे पडत नाही. फक्त भांडी, चमचे आणि तळणाचे तेल स्वतंत्र असावे, आणि कोंबडीच्या सॉसेजचे वेष्टन डुकराच्या आतड्याचे नाही याची खात्री करावी.

दूध आणि दुधाचे पदार्थ यांविषयी सरसकट हुकूम देता येत नाही. बहुसंख्य रुग्णांना दूध, दही, ताक सोसते. ज्यांची प्रकृती फार संवेदनशील आहे, त्यांनाच ते, विशेषतः साय, आइस्क्रीम यांसारखे स्निग्ध प्रकार, त्रास देतात. मांस पूर्णपणे सोडूनही ज्याच्या गांध्या थांबत नाहीत, त्याने दुधाची पाळी तपासावी. ज्याला दुधाने काहीच होत नाही त्याने भीतीपोटी बासुंदी-श्रीखंड आणि साजूक तूप सोडून उगाच कृश होऊ नये.

खरी कसोटी अप्रकट घटकांची आहे. जिलेटिन हे गाई-डुकरांच्या हाडा-कातड्यांपासून निघते आणि मार्शमेलो, जेली, चघळण्याच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांत असते. तळणासाठी गाईची चरबी, मेक्सिकन पद्धतीच्या राजम्यात डुकराची चरबी आणि शाकाहारी दिसणाऱ्या सूपमध्ये मांसाचे पाणी वापरले जाते. अमेरिकेत अन्नाच्या वेष्टनावर ठळकपणे लिहिणे बंधनकारक असलेले ॲलर्जीकारक पदार्थ नऊ आहेत आणि त्यांत मांसाचा समावेश नाही. नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया किंवा न्यू जर्सी येथे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी, जी शनिवार-रविवारी मुलांना घेऊन डोंगरवाटा तुडवतात, हे विशेष ध्यानात ठेवावे. कारण त्यांच्या वास्तव्याचा प्रदेश हाच, ही ॲलर्जी जडवणाऱ्या आणि पाठीवर पांढरा ठिपका मिरवणाऱ्या, ‘लोन स्टार’ गोचिडाचा प्रदेश आहे. भारतात मात्र वेष्टनावरील शाकाहाराचे हिरवे चिन्ह रुग्णाला आयतेच साहाय्य करते, कारण ते असेल तेथे मांस, चरबी आणि जिलेटिन यांना मज्जाव आहे. दुधाला मात्र नाही, एवढे स्मरणात असावे.

औषधांच्या वेष्टनावर असे चिन्ह सक्तीचे नसल्यामुळे तेथे बोलून विचारणे हाच मार्ग राहतो. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते; काही लशींत जिलेटिन असते; हेपारिन डुकराच्या आतड्यांपासून, पाचक विकरांच्या गोळ्या डुकराच्या स्वादुपिंडापासून आणि हृदयाच्या काही झडपा गाई-डुकरांच्या ऊतींपासून बनवतात; सेटक्सिमॅबचे नाव तर वर आलेच आहे. सर्वच रुग्णांना ही सर्व द्रव्ये बाधतात असे नाही. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना या ॲलर्जीची इत्तला लेखी दिली पाहिजे. भारतात सर्पविषावरचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून करतात, आणि घोडा हाही सस्तन प्राणी आहे. सर्पदंश झालेल्या रुग्णाने आपली ॲलर्जी डॉक्टरांना सांगावी, म्हणजे ते ॲड्रिनलिन हाताशी ठेवून प्रतिविष देतील; पण ॲलर्जीच्या भयाने प्रतिविष नाकारू नये, कारण विषारी सापाचा दंश ॲलर्जीहून अधिक निश्चितपणे मारतो.

एवढी दक्षता घेऊनही प्रसंग येऊ शकतो, आणि तो बहुधा रात्री, घरातील माणसे झोपेत असताना येतो, म्हणून तजवीज आगाऊ करावी. केवळ गांध्या आणि खाज असेल तर सेटिरिझिनसारखी हिस्टामिनरोधक गोळी पुरते. परंतु घसा आवळणे, आवाज घोगरा होणे, धाप लागणे, भोवळ येणे, किंवा गांध्यांबरोबर वारंवार वांत्या होणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळीची वाट पाहत बसू नये. ॲड्रिनलिन हेच तेथील पहिले औषध आहे. ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या मध्यभागी स्नायूत टोचावयाचे असते. परदेशांत प्रौढांसाठी ०.३ मिलिग्रॅमची स्वयंचलित सुई मिळते, कपड्यांवरूनही ती लावता येते. भारतात ती औषधाच्या दुकानात सहजी मिळत नाही, म्हणून डॉक्टरांकडून ॲड्रिनलिनची कुपी, सुई आणि आपल्या वजनाप्रमाणे मात्रेची लेखी सूचना मागून घ्यावी, आणि घरातील किमान दोघांनी ती टोचण्यास शिकून घ्यावे. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच करावे, त्याला उठवून उभे करू नये. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्यावे. पहिल्या मात्रेने पाच ते पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास दुसरी द्यावी, आणि दरम्यान महाराष्ट्रात १०८ वर, अमेरिकेत ९११ वर रुग्णवाहिका मागवावी. उतार पडला तरी रुग्णालयात जाणे टाळू नये.

आता उरला मूळ अपराध्याचा बंदोबस्त. गोचीड आपल्या मुलखाला अपरिचित नाही. गुरांच्या कानांत आणि कुत्र्यांच्या मानेवर तो रोज दिसतो. दोडामार्ग आणि सत्तरीच्या काजूबागांत पालापाचोळ्यातून अंगावर चढून त्याने माकडतापही पसरवला आहे. तो विकार निराळा, पण दंश टाळण्याचे उपाय तेच. रानात जाताना फिक्या रंगाची, पूर्ण बाह्यांची वस्त्रे घालावी, विजारीची टोके मोज्यांत खोचावी, उघड्या त्वचेवर कीटकरोधक लावावे, कपड्यांना परमेथ्रिन लावता आले तर उत्तम. परत आल्यावर स्नान करून काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागील लवणी, कानांच्या पाठी आणि केसांची मुळे तपासावी. गोचीड चिकटलेला आढळला तर त्यावर रॉकेल ओतणे, चटका देणे, चुना लावणे हे प्रकार कटाक्षाने टाळावे, कारण त्रासलेला गोचीड जखमेत अधिक लाळ ओकतो. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत त्याचे मुख पकडून, न पिळता, सावकाश सरळ वर ओढावे आणि मग जागा साबणाने धुवावी.

या खबरदारीचे फळ केवळ भावी रोग टाळण्यापुरते नाही. ज्याला ही ॲलर्जी जडली आहे त्याला पुन्हा दंश झाला नाही, तर रक्तातील प्रतिपिंडे काही वर्षांत हळूहळू ओसरू लागतात, आणि काहींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली मांस पुन्हा खाता येऊ लागते. नवा दंश झाला की ही उतरण थांबते आणि आलेख पुन्हा चढतो. ॲलर्जी समूळ नाहीशी करणारे औषध आज नाही. अल्फा-गॅलचे जनुक काढून टाकलेल्या डुकरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये संमती दिली आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात माणसाच्या छातीत बसवलेले डुकराचे हृदयही अशाच जनुकबदलातून साधले. परंतु सामान्य रुग्णाचे संरक्षण आजही त्याच्या स्वतःच्या सावधपणावरच अवलंबून आहे. म्हणून ज्यांना मध्यरात्री अकारण पित्त उठते, ज्यांच्या पोटातील मुरड्याचे कारण वर्षानुवर्षे कोणाला उमगले नाही, त्यांना एवढीच विनंती आहे की त्यांनी मागच्या घासाऐवजी मागचे जेवण आठवावे, मागच्या काही महिन्यांतील दंश आठवावा, आणि ती हकीकत संकोच न करता, अथपासून इतिपर्यंत, आपल्या डॉक्टरांपुढे ठेवावी.